कमरेला हलकं, हाताला जड

२०१९ च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि अकोला जिल्ह्यात ज्यांना आदेश निघाले त्यांची परवान्याची हत्यारं ठाण्यांत जमा व्हायला लागली. मी तेव्हा पोलीस आर्मरर होतो. काम सोपं दिसतं. माणसाने हत्यार टेबलावर ठेवायचं, मी ते खाली आहे याची खात्री करायची, नंबर वाचायचा, मोहररने, म्हणजे ठाण्याच्या लिखापढीवाल्याने, तो रजिस्टरला घ्यायचा आणि चिठ्ठी बांधून हत्यार आत जायचं. बाहेर ऊन तापलेलं, आत एक पंखा, आणि टेबलावर जिल्ह्यातली अर्धी भीती मांडलेली.

शेतकऱ्यांच्या बाराबोर बंदुका आधी आल्या. रोही आणि रानडुकराच्या पायी घेतलेल्या. कोणी गोधडीत गुंडाळून आणलेली, कोणाचा कुंदा तारेने आवळलेला. पण नळी उघडून उजेडाकडे धरली की पलीकडचा पंखा स्वच्छ दिसायचा. बंदूक रोज हाताळणाऱ्या माणसाची खूण तीच. मग दुपारी पिस्तुलं आली, आणि त्यांची तऱ्हा उलटी. वरून पॉलिश, पट्टा नवा, कव्हर चामड्याचं. कव्हरच्या कप्प्यांतून काडतुसं बाहेर काढली तर पितळेवर हिरवा थर. चामडं कमावताना वापरलेली रसायनं पितळेला खातात. काडतूस वर्षानुवर्षं चामड्यात ठेवायचं नसतं. मॅगझिनमध्ये खिशातली कापसाची लव. नळीत मात्र कारखान्यातून निघताना लावलेलं तेल वाळून जसंच्या तसं. म्हणजे घेतल्यापासून एक गोळी सुटलेली नाही.

त्या दिवशी एका गृहस्थांनी मॅगझिन काढून एका हातात धरली आणि पिस्तूल माझ्यापुढे सरकवलं. "खालीच हाय सायेब." मी नळी भिंतीकडे करून स्लाइड मागे ओढली. एक काडतूस टणकन रजिस्टरवर पडलं, गडगडत कडेला गेलं आणि टेबलाखाली. मोहररने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. गृहस्थ काडतुसाकडे असे बघत होते, की जणू ते मीच खिशातून काढून टाकलं. मॅगझिन काढली म्हणजे पिस्तूल खाली झालं, हा समज इतका पक्का आहे की शिकल्या-सवरल्या माणसालाही तो सोडवत नाही. चेंबरमध्ये चढलेली गोळी मॅगझिनबरोबर बाहेर येत नाही.

याच गर्दीत जिनिंगवाले भाऊ भेटले. वडिलांकडून आपल्या नावावर आलेली जुनी दुनळी जमा करायला आले होते. चिठ्ठी बांधून झाली तरी हलेनात. मग हळूच म्हणाले, "सायेब, मले एक पिस्तूल घ्या लागते. लहान पाहिजे, कमरेले दिसलं नाई पाहिजे. अन् नेमबाजीले बी चाललं पाहिजे. येकच घेनं हाय. कोनतं घेऊ?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला साहेबांनी विचारला, आमदाराच्या भाच्याने विचारला, बँकेच्या मॅनेजरने विचारला. शब्द वेगळे, मागणी एकच: लपायलाही पाहिजे आणि लागायलाही पाहिजे. पहिल्यांदा विचारणाऱ्याला मी उत्तर दिलं होतं ते हाताने दिलं होतं, आणि चूक दिलं होतं.

तेव्हा मी अमरावतीला नवा होतो. एका अधिकाऱ्यांना पोलिसांच्या नेमबाजी स्पर्धेत उतरायचं होतं, आणि हत्यार तेच वापरायचं होतं जे रोज कमरेला असायचं, .३८ चं रिव्हॉल्वर. चाप जड आहे, हलका करून दे म्हणाले. रिव्हॉल्वरची दोन अंगं असतात. घोडा अंगठ्याने मागे चढवून चाप दाबला तर तो थोडक्यात सुटतो. घोडा न चढवता नुसता चाप ओढला तर तोच चाप चक्र फिरवतो, घोडा मागे नेतो आणि सोडतो, म्हणून जड आणि लांब. मी घोडा जिथे अडकतो ती खाच बारीक दगडावर घासली. अगदी थोडी. चाप लोण्यासारखा झाला. साहेब खूश, मी त्याहून खूश.

आमचे वस्ताद सुट्टीवरून परतले तेव्हा ते रिव्हॉल्वर कोतात, म्हणजे शस्त्रागारात, आलेलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही. खाली असल्याची खात्री केली, घोडा चढवला आणि चापाला हात न लावता अंगठ्याने मागून घोड्याला नुसतं रेटलं. घोडा खाडकन पडला.

"हे साहेबाच्या मांडीपाशी राह्यते," वस्ताद म्हणाले. "जीपमंधून उतरताना दाराले ठोकलं, तं?"

सुटे भाग मागवून ते पूर्ववत व्हायला वेळ गेला. साहेब स्पर्धेला दुसरं हत्यार घेऊन गेले. मला त्यानंतर सहा महिने नुसती फुलथ्रू आणि चिंधी मिळाली, नळ्या ओढायला.

तर भाऊंना मी ठाण्यात एवढंच म्हटलं, की आधी परवाना तर मिळू द्या. अमरावती शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे, अकोल्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोलीस पडताळणी होते. २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार कसं हाताळायचं, कसं ठेवायचं याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. आणि कारण लागतं. शेतराखणीच्या बंदुकीला कायद्याने दार थोडं मोकळं ठेवलेलं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात वीस इंचांहून कमी नाही अशा गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकराखणीची, तोंडाकडून भरायची भरमार यांचा वेगळा उल्लेखच आहे. पिस्तुलाला तसं नाही. तुमच्या जिवाला इतरांपेक्षा जास्त धोका आहे, हे कागदावर पटवावं लागतं. भाऊंकडे कारण होतं. दिवाळीपासून मार्चपर्यंत कापसाचे चुकारे, मूर्तिजापूर-बोरगाव मंजूच्या रस्त्याने रात्रीची ये-जा, गाडीत रोकड. तो रस्ता तेव्हा असा होता की लुटारूला गाडी अडवायची गरजच नव्हती, खड्डेच अडवायचे. (पुढे २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर लोणी ते माना पंच्याहत्तर किलोमीटरचं डांबरीकरण पाच दिवसांच्या आत करून गिनीज विक्रम झाला. आता भाऊंचे बरेचसे पैसेही खात्यावर जातात. परवान्याचं कारण असं पायाखालून निघून गेलं, पिस्तूल राहिलं.)

मी निवृत्त झालो आणि अमरावतीला घर केलं. परवाना हातात आल्यावर भाऊ तिथे आले. हातात संत्र्यांची पिशवी, तोंडात तोच प्रश्न.

बाहेरच्या देशात दुकानात काचेखाली पन्नास पिस्तुलं मांडलेली असतात, आणि गिऱ्हाईक नुसतं बोट दाखवतं. आपल्याकडे निवड आधीच होऊन गेलेली असते, आपण फक्त उरलेल्यातून उचलतो. ९ एमएम आणि .३८ हे बोर साध्या परवान्यावर मिळत नाहीत. हातात घ्यायच्या हत्यारात राहतो मुख्यतः बत्तीस बोर. त्यातही १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी हत्यारांची खुली आयात बंद, म्हणून आजोबाच्या काळातलं एखादं वाल्थर किंवा वेब्ली आज सोन्याच्या भावाने हात बदलतं. उरतो सरकारी कारखान्याचा माल. कानपूरचं बत्तीसचं रिव्हॉल्वर, ईशापूरचं 'अशनी' पिस्तूल. २०१४ साली कानपूरने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं, पाचशे ग्रॅमचं, किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात. २०२० नंतर उत्तर प्रदेशात संडीलाला वेब्लीच्या नावाचं रिव्हॉल्वर बनायला लागलं. बस, तेव्हा बाजार एवढाच होता. आणि २०१९ च्या शेवटी शस्त्र कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर एका माणसाच्या नावावर दोनच हत्यारं. त्यातली एक जागा वडिलांच्या दुनळीने अडवलेली. भाऊंचं 'येकच' आता कायद्यानेही पक्कं झालं.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्याकडून तोंडपाठ करून घेतली. रिव्हॉल्वरच्या गोळीलाही बत्तीस म्हणतात आणि पिस्तुलाच्या गोळीलाही, पण त्या दोन वेगळ्या. पहिली लांब, बुडाला ठसठशीत कड असलेली. दुसरी आखूड, तिच्या बुडापाशी गळ्यासारखी खाच आणि कड बाहेर जेमतेम डोकावणारी. दोन्हीच्या बुडावर केएफ, म्हणजे आपल्या पुण्याच्या खडकीचा कारखाना, १८६९ पासूनचा. शिक्का एक बघून डबा उचलू नका, म्हटलं.

मग मी नातीची वही घेतली. ती तेव्हा नववीत, दहा मीटर एअर पिस्तूलचा सराव करायची. वहीवर एक रेघ मारली, दहा सेंटिमीटर. "हे तुमचं लहान पिस्तूल. मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंत एवढंच अंतर." खाली दुसरी रेघ मारली, वहीत मावेना म्हणून दुसऱ्या पानावर नेली, तेहतीस सेंटिमीटर. "हे पोरीचं." आता माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली समजा. काडेपेटीच्या काडीच्या जाडीच्या निम्मं. दहा मीटरवर पोरीचा छर्रा तीन सेंटिमीटर चुकेल. काळ्या वर्तुळाच्या काठावर तरी लागेल. तुमची गोळी दहा सेंटिमीटर चुकेल. एअर पिस्तूलचं कार्डच सतरा सेंटिमीटरचं असतं. म्हणजे तुम्ही कार्डाच्या बाहेर.

"थे तं दहा मीटरवर," भाऊ म्हणाले. "लुटारू काय दहा मीटरवर उभा राह्यते?"

वकिलासारखं बोलले, आणि बरोबर बोलले. गाडीच्या खिडकीतल्या माणसासाठी दहा सेंटिमीटरचा हिशेब कोणी करत नाही. पण नेमबाजीसाठी तोच हिशेब सगळं आहे. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, सदऱ्याच्या गुंडीएवढं.

चापाचं दाखवायला मी स्वयंपाकघरातून अर्धा लिटर पाण्याची बाटली आणली आणि तर्जनीत दोरी अडकवून त्यांना उचलायला लावली. एअर पिस्तूलच्या चापाला निदान एवढं वजन पेलता आलंच पाहिजे असा नियम, पाचशे ग्रॅम. खेळाडू त्याच्या काठावरच चाप लावून घेतात. मग बाथरूममधून पाच लिटरचा कॅन आणला. कमरेला बाळगायच्या लहान रिव्हॉल्वरचा चाप घोडा न चढवता ओढला, तर या घरातला. ज्याचं आपलं वजन जेमतेम पाचशे-सातशे ग्रॅम, त्याला बोटाने चार-पाच किलोचा ओढा दिला तर ते हातात हलणारच. हा जडपणा दोष नाही, ते त्याचं कुलूप आहे. मी एकदा ते कुलूप घासून पाहिलेलं होतं.

आणि धक्का. लोकांना वाटतं लहान पिस्तुलाचा धक्का लहान. आमच्या खात्यातलं ९ एमएमचं पिस्तूल, तेरा गोळ्यांचं, पाऊण किलोच्या वर, मोठं धूड. गोळी बत्तीसपेक्षा कितीतरी जोरकस. तरी फायरिंग बटवर नवशिका शिपाई त्याला लवकर सरावायचा, कारण मूठ भरून पकड मिळते आणि लोखंडाचं वजनच निम्मा धक्का गिळून टाकतं. हलक्या बत्तीसमध्ये स्लाइड स्प्रिंगच्या जोरावर थोपवलेली असते. ती ओढतानाच बायकांची, म्हाताऱ्यांची बोटं दुखतात. करंगळीला मुठीत जागा नसते. हत्यार हातात उडी मारल्यासारखं करतं, आणि दुसऱ्या गोळीपासून माणूस धक्का यायच्या आधीच मनगट दाबायला लागतो. मग गोळ्या सगळ्या खाली. कमरेला हलकं ते हाताला जड, हे मी वस्तादांच्या तोंडून ऐकलं होतं, ते भाऊंना सांगितलं. ते हसले.

वऱ्हाडच्या उन्हाचा विचार मात्र कोणतंच पुस्तक करत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे, अंगात मलमलचा पातळ सदरा. त्याखाली पिस्तूल लपत नाही, फक्त सदऱ्याला कोपरा फुटतो. लपवायचं तर पँटच्या आत, अंगाला लावून. मग घामाचं मीठ थेट लोखंडावर. मी जमा झालेल्या पिस्तुलांवर कंबरेच्या बाजूला गंजाचे ठिपके आणि बाहेरच्या बाजूला चकाकी, अशी कितीतरी पाहिली आहेत. हत्यार कोणत्या कुशीला असतं ते त्यावरून कळायचं. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्यायचा, हे एक काम वाढतं. भाऊंनी विचारलं, नोकराकडून पुसून घेतलं तर चालेल का. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी प्रश्न मागे घेतला.

त्यांनी शेवटी लहान पिस्तूलच घेतलं. मी रिव्हॉल्वर सुचवलं होतं. चक्र उघडलं की खाली आहे की भरलेलं ते आंधळ्यालाही बोटाने कळतं, आणि वर्षभर कपाटात राहणाऱ्या हत्याराला तो गुण मोठा. पण रिव्हॉल्वर जाड, पोटावर दिसतं. भाऊंचं पोट आधीच दिसत होतं.

एक पिस्तूल मात्र त्यांच्या पुतण्याने आधीच पाहून ठेवलेलं होतं, फोनवर. सुबक, काळंभोर, किंमत परवान्याच्या मालाच्या पासंगालाही नाही. मी तो फोटो पाहिला आणि ओळखला. अशी मी मुद्देमालात डझनावारी तपासून दिली आहेत. मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडच्या गावांतून सातपुडा उतरून येणारा माल. बाजूवर 'मेड इन यूएसए' कोरलेलं, त्यातला एन उलटा. तपासणीत असं एक हत्यार मी शिकंज्यात धरून दोरीने झाडलं होतं. नळी केळीच्या सालीसारखी उकलली. पुतण्याला ते सांगितलं, आणि जवळ नुसतं बाळगलं तरी आत जाशील तेही सांगितलं. दुसरी गोष्ट जास्त लागू पडली.

पिस्तूल घरात आल्यावर दोन महिन्यांनी भाऊंचा फोन. घरात लग्न होतं, पाहुण्यांचा आग्रह होता की वरातीत दोन बार काढा. त्यांना आठवलं म्हणून विचारत होते. २०१९ पासून हर्षाचा गोळीबार हा वेगळा गुन्हा झाला आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वर गेलेली गोळी खाली येतेच. म्हटलं, डीजेवाल्याला आवाज वाढवायला सांगा. तेही नियमात बसणार नाही, पण त्याने कोणी मरत नाही.

खरी अडचण पुढे निघाली. नेमबाजी करायची कुठे? पोलिसांचा बट पोलिसांसाठी. शेतात गोळी झाडणं म्हणजे पलीकडच्या शेतातल्या निंदणाऱ्या बाईचा विचार न करणं. परवान्यावर काडतुसांची संख्या बांधलेली, एका वेळी किती आणि वर्षाला किती. आणि एका काडतुसाची किंमत ऐकली की माणूस दुसरं झाडत नाही. खेळाची वाट वेगळीच आहे. ती एअर पिस्तूलपासून सुरू होते, त्याला परवाना लागत नाही, पुढे .२२ चं पंचवीस मीटरचं पिस्तूल, संघटनेमार्फत, कामगिरी दाखवून. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली उभी राहिली ती दादासाहेब मावळंकरांच्या पुढाकाराने, लोकसभेच्या पहिल्या सभापतींच्या. त्यांच्याच नावाची स्पर्धा आजही मुलांना राष्ट्रीयची पायरी आहे. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेऊन आली. त्या पिस्तुलाचं वजन चौदाशे ग्रॅमपर्यंत चालतं, मूठ लाकडाची, हाताच्या मापाने कोरलेली. ते कोणी कमरेला लावलं तर चालताना लंगडेल.

शेवटी मी भाऊंना नातीच्या सरावाच्या हॉलवर बोलावलं. बत्तीस घरी ठेवून या म्हटलं. रविवारची सकाळ, पत्र्याचं छत, दहा मीटरवर दिव्याखाली कार्डं. नातीने त्यांच्या हातात क्लबचं एअर पिस्तूल दिलं. त्यांनी दुसरा हात आपोआप खाली लावला.

"काका, एकाच हातानं. दुसरा खिशात घाला."

"अन् तोल?"

"पायांनी सांभाळा."

दहा छर्रे झाडले. कार्डावर भोकं सहा. बाकीचे चार मागच्या पाटीत कुठेतरी. नातीने कार्ड उजेडाकडे धरून पाहिलं, डॉक्टर एक्स-रे पाहतो तसं. म्हणाली, "आबाजी, काका चाप ओढत नाहीत, झटकतात. आणि माशी बघत नाहीत, कार्ड बघतात."

"माशी दिसतेच कोणाले?" भाऊ म्हणाले. "नुसतं धुरकट दिसून राह्यलं."

मला हसूच आलं. वयाच्या पंचेचाळिशीनंतर हातभर अंतरावरची माशी धूसर होते. नेम धरताना मात्र तीच लख्ख दिसावी लागते, कार्ड अंधुक असलं तरी चालतं. इतकी वर्षं मी लोकांना बोर सांगितला, वजन सांगितलं, चाप सांगितला. पिस्तूल विचारायला आलेल्या एकाही माणसाला मी डोळे तपासले का, असं विचारलेलं नव्हतं. भाऊंचा वाचायचा चष्मा पेपरच्या अंतराचा, गाडी चालवायचा रस्त्याच्या अंतराचा. मधल्या अंतराचा चष्माच नव्हता.

नातीने दप्तरातून शिवणकामाची टेप काढली. भाऊंना हात सरळ करायला लावून डोळ्यापासून माशीपर्यंत मोजलं आणि आकडा त्याच कार्डाच्या मागे लिहून दिला. भाऊंनी ते घडी करून पाकिटात ठेवलं. पुढच्या आठवड्यात अकोल्याहून फोन आला. चष्मेवाला विचारत होता, असा नंबर कोणत्या कामासाठी लागतो, काय सांगू?